हेलिकॉप्टर आलंच नाही, २४,५५० रुपये गेले

आधीच सांगतो, पैसे हौसेपायी गेले, हावेपायी नाही. घरात गेला महिनाभर "स्वस्त दिसलं की उडी मारता" हेच ऐकतोय. १९,५०० ही काही फुकटातली किंमत नव्हती. टी-रेक्स ४५०, म्हणजे रिमोटवर उडवायचं छोटं हेलिकॉप्टर, सोबत रेडिओ (त्याचा रिमोट), चार्जर, दोन बॅटऱ्या. जुन्या सेटला एवढे पडतातच.

तीन महिने मी सिम्युलेटरवर घासत होतो. शेपटी आपल्याकडे ठेवून हॉवर, म्हणजे हवेत एका जागी स्थिर ठेवणं, जमायला लागलं होतं. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि माझं आपटायचंच. सिम्युलेटरवर आपटलं तर बटण दाबून पुन्हा सुरू. खऱ्यात एका आपटण्यात पाती, मेन शाफ्ट, टेल बूम, कधी गिअरसुद्धा. म्हणून शिकवणारा हवा होता, आणि विकणाऱ्या माणसाने नेमकं हेच हेरलं. "काका, पुण्याला या, दोघांचे रिमोट बडी केबलने जोडून शिकवतो. तुमचं चुकलं की कंट्रोल माझ्याकडे." झालं, विरघळलो. मग म्हणे कंपनीने महिन्यासाठी हैदराबादला पाठवलंय, तोवर कुरियर करतो. नाशिकहून पुणे काय लांब आहे? महिनाभर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

पण खरी चूक ही नाही. मी विचारलं होतं, फ्लायबार आहे का फ्लायबारलेस? तो म्हणाला, "फ्लायबारलेस काका, एकदम लेटेस्ट." आणि फोटोत मुख्य पात्यांना आडवा गेलेला दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना छोटी वल्ही, स्वच्छ दिसत होती! फ्लायबारलेसमध्ये तो दांडाच नसतो, हेलिकॉप्टर स्थिर ठेवायचं त्याचं काम जायरो हा सेन्सर करतो. मी फोटो मोठा करून पाहिला. दिसलं. आणि स्वतःलाच समजावलं की फोटो जुना असेल, नंतर हेड बदललं असेल. विकणाऱ्याची वकिली मीच केली.

६,००० आगाऊ. पॅकिंगचा व्हिडिओ आल्यावर १३,५००. मग "लिपो बॅटरी विमानाने नेत नाहीत, वेगळं पॅकिंग लागतं" म्हणून १,८५०. लिपोवर हवाई मालवाहतुकीत निर्बंध असतात हे खरंच आहे, त्यामुळे मला उलट तो जाणकार वाटला. शेवटी "ड्रोनची एनओसी, परत मिळणार" म्हणून ३,२००. त्यानंतर फोन बंद. परत मिळणारे पैसे आधी मागणारा चोरच, लिहून ठेवा.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी चौथ्या दिवशी फोन केला. लाजेपायी उशीर केला, तुम्ही तासाभरात करा, पैसे खात्यात असतील तर अडवता तरी येतात. माझे केव्हाच पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. तिथे हवालदारसाहेबांनी विचारलं, "हेलिकॉप्टर? माणूस बसतो का त्यात?" सगळे हसले. मग चेहरा गंभीर करून, "उडवायचा परवाना आहे का तुमच्याकडे?" अहो, जे मिळालंच नाही ते उडवायचा परवाना? चोराचा नंबर, खातं, यूपीआय आयडी, सगळं टेबलावर ठेवलेलं, आणि चौकशी माझी! दोन तासांनी अर्जावर शिक्का. गुन्हा अजून दाखल नाही. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात.

जुनं घेताना व्हिडिओ कॉल करा. समोर बॅटरी जोडायला लावा, मोटरच्या वायरी काढून. रिमोटची स्टिक हलवली की स्वॉशप्लेट (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी चकती) हलताना दिसली पाहिजे. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला, दुसऱ्या नावाने, १७,००० ला. मुलाच्या फोनवरून विचारलं, फ्लायबारलेस आहे का? दोन मिनिटांत उत्तर आलं, "होय सर, एकदम लेटेस्ट." स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला गेले होते.