यूएन व्हॉलंटियर्समधून मलावी, आणि परत आल्यावरचं

संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) स्वयंसेवक प्रोग्रॅममधून आफ्रिकेतल्या मलावीत गावातल्या पाणीपुरवठ्याच्या कामावर गेले होते, परत येऊन बराच काळ झालाय, म्हणून आता शांत डोक्याने रिव्ह्यू लिहितेय.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. पगार नसतो पण महिन्याला राहण्याखाण्यापुरता भत्ता, विमानाचं तिकीट, मेडिकल इन्शुरन्स, शेवटी थोडी रक्कम. 1970 पासूनचा प्रोग्रॅम आहे, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. नाहीतर तुमच्याकडूनच फी घेऊन दोन आठवडे शाळेच्या भिंती रंगवायला नेणाऱ्या कंपन्या असतात, त्यातून गावाचं काय भलं होतं मला खरंच कळत नाही.

काम म्हणजे मुख्यतः ॲफ्रिडेव्ह नावाचा हातपंप. गावातल्या लोकांनाच दुरुस्त करता यावा असा बनवलेला आहे, पिस्टनचा सील झिजला की पाणी कमी येतं, मग एका पान्याने वरचं झाकण खोलायचं, रॉड एकेक करून वर घ्यायचे, सील बदलायचा, जमिनीतला पाइप काढावाच लागत नाही. पंप सांभाळणाऱ्या गावच्या समितीतल्या एका आजींनी हे माझ्यासमोर इतकं सफाईने केलं की मी बघतच राहिले. खरी अडचण होती सीलच्या पैशांची. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपत आलेला असतो, तेव्हा वर्गणी मागून काय मिळणार? बायकांनीच ठरवलं की एप्रिल-मेमध्ये कापणी झाल्यावर घ्यायची, आणि गाडं रुळावर आलं.

परत आल्यावरचं मात्र खूप जड गेलं. इंटरव्ह्यूत एकच प्रश्न, मधे गॅप का, जणू मी तिकडे सुट्टीवर होते, याचा अजून राग येतो. घरचे-मित्र चार फोटो बघतात आणि विषय बदलतात, त्यामुळे बोलायला फक्त तिकडचे सहकारीच उरले आणि त्यांनीच सांभाळलं. सीव्हीत नुसतं व्हॉलंटियर न लिहिता समित्या बांधणं, दुरुस्तीचं ट्रेनिंग, हिशोब ठेवायला शिकवणं असं कामच लिहिलं तेव्हा कुठे फोन यायला लागले. आता पाण्याच्याच योजनांवर काम करते आणि कुठलाही प्रस्ताव आला की आधी देखभालीचा खर्च कोण देणार ते शोधते.

एखादं काम नीट येत असेल तर जरूर अर्ज करा, फक्त परतल्यावर नोकरी शोधायच्या काळापुरते पैसे जायच्या आधीच बाजूला काढून ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.