जुनी रजई पिंजून घ्यावी की नवे ब्लँकेट आणावे?

ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा 5 अंशांच्या खाली उतरतो आणि धुके उशिरापर्यंत हटत नाही. त्यामुळे लष्कर भागातल्या मराठी घरांत दिवाळी सरताच पांघरुणांचा विषय निघतो. पॉलिएस्टरचे ब्लँकेट हलके असते, घरी धुता येते, लवकर वाळते. पाहुण्यांसाठी आणि प्रवासाला ते सोयीचेच आहे. परंतु पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के ओलावा शोषते, तर कापूस 8 टक्क्यांच्या आसपास, म्हणून रात्रभर पांघरूनही कापसाची रजई अंगाला दमट लागत नाही. वापराने तिच्यात गोळे होतात, तंतूंमधली हवा जाते आणि तिच्याबरोबर ऊबही. पिंजाऱ्याकडून तोच कापूस पिंजून आणला की तो पुन्हा फुलतो. खोळ मात्र घरीच, जुन्या सुती लुगड्याची शिवावी आणि टाके वीतभर अंतराच्या आत घालावेत, नाहीतर सगळा कापूस एका कोपऱ्यात सरकतो. रजई जड असते आणि धुक्याच्या दिवसांत तिला ऊन दाखवणे कठीण जाते, हे खरे. तरीही रोजच्या अंथरुणासाठी मी तिचीच शिफारस करीन, कारण विरलेले ब्लँकेट टाकूनच द्यावे लागते, रजई मात्र त्याच कापसातून पुन्हा उभी राहते.