आर्वी ते ओश: गूगल फ्लाइट्स आणि बाकीची जुळवाजुळव

धाकटी बहीण किर्गिझस्तानात ओशला एमबीबीएस करते. तिचं जाणं-येणं, मधे आईबाबांची एक चक्कर आणि ते पाहून गावातल्या बाकी पोरांची तिकिटं, असं करत हे काम माझ्याच गळ्यात पडलं. एजंट सोडून गूगल फ्लाइट्स वापरतो, त्याला आता बरेच महिने झाले.

विमान शोधायला चीज चांगली आहे. कॅलेंडर उघडलं की कोणत्या तारखेला काय भाव, ते एका नजरेत दिसते. भाव ट्रॅक करायला लावला की कमीजास्त झाल्यावर ईमेल येतो. पोचायच्या वेळेपुढे बारीक ‘+१’ असला तर विमान दुसऱ्या दिवशी उतरते, तेवढं नीट पाहायचं. वेळ तिथली असते, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. मात्र प्रवासाच्या तासांचा फिल्टर लावाच. नाहीतर दिल्लीहून उलटं इस्तंबूलला नेऊन परत पूर्वेला आणणारे पर्यायही समोर येतात.

खरी मेख स्वस्त पर्यायात असते. वेगवेगळी तिकिटं जोडलेली असली तर तशी सूचना तिथे लिहिलेली असते, पण लोक फक्त आकडा पाहतात. अशा तिकिटात पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. बॅग मधल्या विमानतळावर आपणच उचलून पुन्हा जमा करायची, म्हणजे त्या देशात शिरायला व्हिसाही लागू शकतो. आईबाबांसाठी मी सगळं एका पीएनआरवरच घेतलं. पैसे जास्त गेले, पण झोप लागली.

गूगल स्वतः तिकीट विकत नाही, पुढे कंपनीच्या नाहीतर एखाद्या बुकिंग साइटच्या पानावर नेऊन सोडते. अशाच एका साइटवर गावच्या एका पोराचं तिकीट काढलं. विमानाची वेळ बदलली तर कंपनी म्हणे साइटला विचारा, साइट म्हणे कंपनीला विचारा. रिफंडसाठी त्याच्या बापानं मला रोज फोन केला. “भाऊ, आले का पैसे?” आता थोडं महाग पडलं तरी कंपनीच्याच साइटवर काढतो.

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, तिथून पुढे ओशपर्यंतचं गणित वेगळंच. बिश्केक ते ओश रस्ता ६०० किलोमीटरच्या वर, मधे ३,००० मीटरपेक्षा उंच घाट, हिवाळ्यात बर्फ. आपल्या काळीपिवळीसारख्या शेअर टॅक्सी आहेत, सीट भरल्याशिवाय हलत नाहीत, अन् दहा-बारा तास घेतात. पोरं जातात, म्हाताऱ्या माणसांना मी विमानच सांगतो; तासाभराच्या आत उतरवते. शहरात यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप चालते, भाडं आधीच दिसते म्हणून घासाघीस नाही. नंबरची नोंदणी भारतातूनच करून जा, ओटीपी इथेच येऊ द्या. टू-जीआयएस नावाचा नकाशा डाउनलोड करून ठेवला की नेट नसतानाही होस्टेलची गल्ली सापडते. बाबांनी तो चष्मा वर करून-करून पाहिला, पण पोचले.

आपल्या बाजूचं मात्र कोणतंच ॲप करून देत नाही. आर्वीहून एसटीनं नागपूर, तिथून दिल्ली. नागपूर-दिल्ली विमानाचं तिकीट वेगळं काढलं तर साधारण १५ किलोच सामान चालते, पुढच्या विमानात जास्त चालत असलं तरी. अन् आई तुरीची डाळ, तिखट, पापड, लोणचं भरायला बसली की थांबत नाही! आम्ही बॅगा कृषी केंद्राच्या काट्यावर मोजतो, दुकानदार खताच्या गोण्या बाजूला सारून जागा करून देतो. त्यामुळे जड सामान असलं की मी दिल्लीपर्यंत रेल्वेच धरतो, तीही एक दिवस आधीची, कारण डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या किती रखडतील याचा भरवसा नाही. विमानानंच गेलात तर दिल्लीत कोणत्या टर्मिनलला उतरता ते पाहा. टर्मिनल १ वरून ३ ला पायी जाता येत नाही, बस नाहीतर टॅक्सी करावी लागते.

गूगल फ्लाइट्सला पाचपैकी चार. एक कापला तो सामानाच्या माहितीसाठी. किलोचा नेमका आकडा शेवटी कंपनीच्या पानावरच जाऊन पाहावा लागते.