पाळणा नको, पंप नको, पण हा ग्रुप हवा: ‘रातकिडे’, नऊ-दहा महिन्यांच्या वापरानंतर

बाळ होण्याआधी मी पाळणा, ब्रेस्टपंप, स्टेरिलायझर, कॅरियर अशा झाडून सगळ्या वस्तूंचे रिव्ह्यू वाचून काढले होते. त्यातला पंप माळ्यावर गेला, स्टेरिलायझरमध्ये हल्ली चमचे राहतात आणि कॅरियर लेकीनं पहिल्याच दिवशी नापास केलं. रोज वापरात राहिली ती एकच गोष्ट, आणि तिचा रिव्ह्यू कुणी लिहिलेला नव्हता: अनोळखी आईबापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. नाव ‘रातकिडे’. लेक दीड महिन्याची असताना मी त्यात शिरले. आता ती सोफा धरून उभी राहते आणि माझा फोन हिसकावून ग्रुपवर स्वतः ‘ंंंक्षक्षझ’ असे मेसेज टाकते.

ग्रुप लहान आहे, वीसेक जण. अट अशी की बाळ एकाच पावसाळ्यातलं हवं आणि एका घरातून एकच माणूस. दुसरी अट ज्यानं कुणी घातली त्याचं भलं होवो. नवरा त्याच ग्रुपात असता तर निम्मे मेसेज लिहिलेच गेले नसते. पाच बाबा आहेत, बाकी आया. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानं हाक मारतो, कारण सुरुवातीला सगळ्यांनी नंबर तसेच सेव्ह केले. मी ‘नाशिक’. ‘नागपूर’ बोलते तेव्हा स्क्रीनमधूनही आवाज येतो (“काहून रडून राहिलं तुझं पोट्टं?”), ‘पणजी’ सगळ्यांना ‘गो’ लावते, ‘टोरांटो’ मूळची साताऱ्याची. ‘कोल्हापूर’ हे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, त्यांना मात्र सगळे अहो मास्तर म्हणतात.

टोरांटोचा उपयोग मला पहिल्याच आठवड्यात कळला. आपल्याकडे रात्रीचे तीन वाजतात तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे आपण अंधारात, एका हातानं पाठ थोपटत ‘कुणी जागं आहे का’ टाइप करतो, तेव्हा एक पूर्ण शुद्धीत असलेली, चहा प्यायलेली बाई समोर असते. घरातल्या झोपलेल्या माणसांपेक्षा ती फार जवळची वाटते.

आता तिथं चालतं काय? नव्वद टक्के टवाळी. रोजचं मुख्य सदर ‘शी-पंचांग’. सकाळी प्रत्येकानं आपल्या बाळाचा रंग, पोत आणि वेळ पंचांगाच्या भाषेत द्यायची. “आज पीत वर्ण, द्रव, सूर्योदयापूर्वी दोनदा. राहुकाळात लंगोट फुटला.” “काल एकादशी झाली, आज पारणं.” फोटो टाकायला सक्त मनाई. यातून फुकटात ज्ञानही मिळालं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीसारखी पिवळी, दाणेदार असते, दिवसाला अनेकदा होते आणि कधी दोन-चार दिवस होतही नाही. बाळ मजेत असेल, पीत असेल, पोट मऊ असेल तर धावपळ करायची नसते. पांढरट किंवा लाल दिसली तर मात्र पंचांग बंद आणि थेट डॉक्टर.

दुसरा खेळ ‘सासूबाई हाऊजी’. डोंबिवलीनं कार्डं बनवली, प्रत्येकीला वेगळं. आकड्यांच्या जागी वाक्यं: ‘दूध पुरत नाहीये तिला’, ‘टोपडं कुठंय?’, ‘गुटी उगाळली का?’, ‘आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं’, ‘पाजतेस आणि गार पाणी पितेस?’, ‘हाताची सवय लावू नकोस’. वाक्य ऐकू आलं की खोडायचं. नागपूरच्या घरी बारशाला पाहुणे जमले आणि तिचं फुल हाऊस पंधरा मिनिटांत लागलं. ते कार्ड पुढे तिच्या सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “यात ‘तीट लावली का’ राहिलंय.” पुढच्या कार्डात ते आलं, सौजन्य नागपूरच्या सासूबाई.

मास्तर बाळाला पाढे म्हणून झोपवतात. साधे पाढे त्याला आता पुरत नाहीत, म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी चालू आहे. एकदा त्यांनी एकोणतीसच्या पाढ्याची व्हॉइस नोट टाकली. माझी लेक ‘एकोणतीस साते’लाच गेली. पणजीनं कळवलं की बाळ जागं आहे, पण नवरा घोरायला लागला.

आता या टवाळीचा खरा उपयोग सांगते. यातल्या एकीच्या बाबतीत घडलेलं तिच्या परवानगीनं लिहितेय, गाव लिहीत नाही. दिवाळी होऊन गेली होती. ती पंचांगात पहिल्या दिवसापासून नेमानं लिहिणारी, विनोदही तिचे सगळ्यात पाणचट. एका पहाटे तिनं लिहिलं, “आज रंग पाहिला नाही. पाहावासा वाटला नाही.” बस्स. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी हे वाक्य कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथं रोजची हजेरी होती, त्यामुळे दोन मिनिटांत टोरांटोचा तिला फोन गेला. पाऊण तास बोलणं झालं. तीन आठवडे ती नीट झोपली नव्हती, बाळ झोपलं तरीही. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या दिवशी ग्रुपवर कुणीही ‘स्ट्राँग राहा’ लिहिलं नाही, फुलांचे फोटो टाकले नाहीत. डोंबिवली स्वतः यातून गेलेली, पहिल्या बाळाच्या वेळी. तिनं सरळ सांगितलं: बाळंतपणानंतरचं रडू, चिडचिड बहुतेकींची दोन आठवड्यांत ओसरते, त्यापुढे टिकलं तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि त्यात तुझं काही चुकलेलं नाही. टेली-मानसचा 14416 नंबर दिला. हा सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा आणि मराठीतूनही बोलता येणारा. मानसोपचार डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत रोज रात्री कुणीतरी तिच्यासोबत फोनवर असायचं. याद्या मास्तरांनी लावल्या, अगदी शाळेच्या वेळापत्रकासारख्या, तासिकांसकट. डॉक्टरांनी बाळाला पाजत असतानाही चालेल असं औषध दिलं. त्या काळात पंचांग बंदच होतं. थट्टा पुन्हा कधी सुरू करायची हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पडला होता. तो तिनंच सोडवला: “आज फोडणीतली मोहरी. सगळ्यांना जेवताना आठवण येवो.”

तेव्हा ‘नुसता टाइमपास ग्रुप आहे’ म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी हेच सांगते. गंभीर बोलण्यासाठी म्हणून काढलेले दोन ग्रुप मी आधी पाहिलेत. तिथं लोक तोंड उघडत नाहीत. ज्यांच्याशी रोज शीवर बोललोय त्यांच्यापुढे कशाची लाज उरणार?

नियम थोडे आहेत, पण कडक. पहिला: औषधाचं नाव आणि डोस सांगायचा नाही, कुणी कितीही गयावया केली तरी. हा नियम उगाच नाही. तापाच्या पॅरासिटामॉलचंच बघा. ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत 120 किंवा 125. म्हणजे जवळपास चौपट फरक. एकीनं सिरपचा ‘दोन मिली’ सांगायचा आणि दुसरीनं ड्रॉप्स दोन मिली पाजायचे, की झालं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर ग्रुपवर टाइप करण्यातही वेळ घालवायचा नाही, हेही त्याच नियमात.

ओआरएस मात्र औषधांच्या यादीतून वगळलंय, कारण तिथं न बोलणं महागात पडलं असतं. जुलाब झाले म्हणून एक जण अख्खं पाकीट बाळाच्या दुधाच्या बाटलीत विरघळवत होता. पणजीनं तिथंच अडवलं: एक मोठं पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, 24 तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. पाकिटावर हे छापलेलं असतंच, पण पहाटे चार वाजता पाकीट कोण वाचतं?

वॉकरवर तर महायुद्ध झालं. प्रत्येक घरी एक मामा असतो आणि प्रत्येक मामा वॉकर आणतो. टोरांटोनं सांगितलं की कॅनडात 2004पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, जुना वापरलेलासुद्धा विकता येत नाही, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून पडतात. लगेच भुसावळ म्हणाला, “आमच्याकडे जिनाच नाही.” यावर दोन दिवस गेले. शेवटी आमच्या मामानं आणलेल्या वॉकरमध्ये आता कांदे-बटाटे असतात.

मुंबईतल्या एकीच्या बहिणीचं बाळ कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत. दूध येत नव्हतं. चार जणी भावनेच्या भरात “मी देते” म्हणाल्या. तिथं डोंबिवलीनं पुन्हा ब्रेक लावला. असं थेट द्यायचं नसतं. दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ होतं, मग ते दिलं जातं, आणि त्यासाठी मिल्क बँका आहेत. आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक 1989 साली मुंबईतच, सायन हॉस्पिटलात सुरू झाली, हे मला तेव्हा कळलं. मुंबईच्या शेजारी उभा जन्म काढून!

संक्रांतीनंतर आम्ही व्हिडिओ कॉलवर सामुदायिक बोरन्हाण केलं. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये 32 जण मावतात, त्यामुळे सगळ्यांच्या आज्याही बसल्या. काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे. टोरांटोत बाहेर बर्फ. तिनं बोरांऐवजी ब्लूबेरी आणि चुरमुऱ्यांऐवजी कॉर्नफ्लेक्स उधळले, तेही गालिच्यावर, आणि नंतर तासभर व्हॅक्यूम फिरवत आम्हाला शिव्या घातल्या. मास्तरांच्या पोरानं हलव्याचा मुकुट खाल्ला. भुसावळच्या आजीनं पडद्याला डोळे लावून पाहिलं आणि विचारलं, “एवढ्या लांब गेली, तिथं बोरं मिळत नाहीत होय?”

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. सगळ्यात वाईट म्हणजे ‘पालथं पडणं’ स्पर्धा. कुणी मुद्दाम करत नाही. पण ‘आमचा आज पालथा पडला’ आला की बाकीच्या घरांत बाळाला चटईवर ठेवून टक लावून बघणं सुरू. माझी लेक रांगलीच नाही, बुडावर सरकत सरकत थेट उभी राहिली. मधले दीड महिने मी रांगणाऱ्यांचे व्हिडिओ न उघडता पुढे ढकलले. आता असे व्हिडिओ टाकायला फक्त रविवार ठेवलाय, आणि रविवारी ज्याला बघायचं नाही त्यानं म्यूट करावं. दुसरं, सहा-सहा मिनिटांच्या व्हॉइस नोट. दुप्पट वेगानं ऐकल्या तरी तीन मिनिटं जातातच. तिसरं, विक्रेते. एक बाई आल्या, आठवडाभर गोड बोलल्या आणि मग नाचणीसत्त्वाचं रेटकार्ड टाकलं. त्यांना निरोप दिला. (सत्त्व चांगलं होतं, ते वेगळं.)

फोटोंबाबत थोडं तांत्रिक. आम्ही मेसेज 90 दिवसांनी आपोआप पुसले जातील असं सेटिंग ठेवलंय, मुलांचे फोटो वर्षानुवर्षं पडून राहू नयेत म्हणून. पण फोनच्या गॅलरीत आपोआप सेव्ह झालेले फोटो त्यानं जात नाहीत. ते सेव्हिंग प्रत्येकानं आपापल्या फोनवर बंद करायला लागतं, आणि सगळ्यांनी केलंय की नाही हे तपासायची सोय नाही. म्हणून अंघोळीचे फोटो अजिबात नाहीत. नियमांचा मेसेज वर पिन केलाय. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते, तेव्हा दर महिन्याला ती पुन्हा लावायचं काम मास्तरांकडे.

रजा संपल्यावर ग्रुप बदलला, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यामुळे आम्हा नोकरीवाल्या सगळ्याच जणी महिन्याभराच्या अंतरानं एकामागून एक कामावर परतल्या. दिवसाच्या गप्पा आटल्या आणि रडारड संध्याकाळी सातवर आली. बाबांचं तर बोलायलाच नको. भुसावळ रेल्वेत, त्याला केंद्र सरकारच्या नियमानं 15 दिवस मिळाले होते. पुण्याच्या खासगी कंपनीतल्याला दोन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी तो ऑफिसात पेढे वाटत होता. माझ्या पहिल्या कामाच्या दिवशी ग्रुपनं हाऊजीचं नवं कार्ड काढलं, ऑफिस आवृत्ती: ‘लवकर निघतेस का आज?’, ‘बाळ कुणाकडे असतं?’, ‘वजन कमी झालं गं!’ जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या दोन ओळी झाल्या.

कुणी घ्यावा? घरात बोलायला माणूस आहे पण या विषयावर बोलायला नाही, अशा प्रत्येकानं. बाळाच्या तब्येतीची चिंता गूगलवर वाढवून घ्यायची सवय असेल तर नक्कीच. ज्यांना शिस्तीत, मुद्देसूद माहिती हवी त्यांना इथं वेड लागेल. लिंक मागू नका, आमचा ग्रुप भरलाय आणि पावसाळाही तोच हवा. लसीकरणाच्या रांगेत शेजारी बसलेल्या दोघी-तिघींचे नंबर घेऊनही सुरू होतो; एका घरातून एकच माणूस एवढं मात्र पाळा.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा रविवारच्या व्हिडिओंसाठी कापला.

ता. क.: ग्रुपबाहेर राहिलेल्या नवऱ्यांनी, म्हणजे आमच्या ग्रुपात ज्यांना घेतलं नाही त्यांनी, आपला वेगळा ग्रुप काढलाय. माझ्या नवऱ्यानं फोन विसरला म्हणून मला तो पाहायला मिळाला. सगळे मेसेज क्रिकेटचे आणि डायपरच्या ऑफरचे. फक्त काल रात्री पावणेतीनला त्यानं एक टाकला होता: “कुणी जागं आहे का? हिची शी हिरवी झालीय.” खाली भुसावळच्या बायकोचं उत्तर. तिथं त्यांनी तिला कसं घेतलं, ते आज संध्याकाळी विचारणार आहे.