सीमेपूर्वीची रेल्वे एका छताखाली : कल्ट्राचे अल्स्टर वाहतूक संग्रहालय

आयर्लंडच्या रेल्वेचा अभ्यास करू लागणाऱ्याला एक अडचण अगदी पहिल्या दिवसापासून जाणवते. देशाची फाळणी १९२१ साली झाली, पण डब्लिन ते किंग्सटाउन हा पहिला मार्ग त्याच्या ८७ वर्षे आधी, १८३४ मध्येच सुरू झाला होता. त्यामुळे जी रेल्वे एका बेटासाठी उभी राहिली, तिची इंजिने, डबे, वाघिणी आणि कागदपत्रे पुढे दोन राज्यकारभारांत वाटली गेली. डब्लिन आणि बेलफास्ट यांना जोडणाऱ्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची तर १ ऑक्टोबर १९५८ रोजी सरळ वाटणीच झाली : दक्षिणेचा हिस्सा सीआयई या तिथल्या सरकारी वाहतूक संस्थेकडे आणि उत्तरेचा अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीकडे. अशा विषयाचा माग काढणाऱ्याला दोन्ही बाजूंची वाहने शेजारीशेजारी पाहायला मिळावीत, ही माझी जुनी इच्छा होती. बेलफास्टजवळच्या कल्ट्रा येथील अल्स्टर वाहतूक संग्रहालयाच्या रेल्वे दालनाने ती पूर्ण केली, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

संग्रहालयाला रेल्वेनेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. बेलफास्टहून बँगोरकडे जाणारी गाडी कल्ट्राच्या छोट्या थांब्यावर थांबते आणि तिथून चालतच पुढे जाता येते. हा मार्ग म्हणजे बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेच्या जाळ्याचा उरलेला एकमेव धागा होय, कारण १९५० साली तिचे बाकीचे बहुतेक सगळे मार्ग बंद झाले. त्याच कंपनीचे १९०१ सालचे ३० क्रमांकाचे इंजिन दालनात उभे आहे. ज्या रुळांवरून आपण आलो, त्या मार्गावर याच जातीची इंजिने गाड्या ओढत असत, हे ध्यानात ठेवून त्याच्यासमोर उभे राहिले की ते नुसते प्रदर्शनातले यंत्र राहत नाही.

दालनातले सर्वांत मोठे आकर्षण अर्थातच ८०० क्रमांकाचे ‘मेव्ह’. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात १९३९ साली बांधलेले, तीन सिलिंडरचे हे इंजिन डब्लिन ते कॉर्क या सुमारे २६५ किलोमीटरच्या मार्गावरील जलद गाड्यांसाठी होते. या जातीची तीनच इंजिने तयार झाली आणि आयर्लंडमध्ये बांधलेल्या वाफेच्या इंजिनांमध्ये तीच सर्वांत शक्तिशाली ठरली. चालक चाकांचा व्यास सहा फूट सात इंच आहे, म्हणजे शेजारी उभे राहिल्यावर चाकाची वरची कड माझ्या डोक्यापेक्षा बरीच उंच जाते. छायाचित्रांत हे प्रमाण कधीच नीट कळत नाही. मी मात्र सर्वांत जास्त वेळ नामफलकासमोर घालवला. कॉनाख्ट या आयर्लंडच्या पश्चिम प्रांताच्या पुराणप्रसिद्ध राणीचे नाव त्यावर जुन्या गेलिक लिपीत कोरलेले आहे आणि त्यातील दोन अक्षरांच्या डोक्यावर एकेक टिंब आहे. त्या टिंबाने व्यंजनाचा उच्चार मऊ होतो, प्रसंगी लोपही पावतो. ज्यांच्या लिपीत एका अनुस्वाराने शब्दाचा अर्थ फिरतो, अशा आपल्यासारख्यांना त्या फलकाची भाषा परकी वाटत नाही. स्वतंत्र झालेल्या देशात सर्वांत मोठ्या इंजिनावर आपली लिपी आवर्जून वापरली गेली, ही गोष्ट मला त्याच्या ताकदीच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. दुर्दैव असे की इंजिन रुळांवर आले आणि महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनहून येणारा चांगला कोळसा दुर्मीळ झाला, जलद गाड्या आटल्या आणि ज्या कामासाठी ही इंजिने बांधली होती ते काम त्यांना पुरेसे मिळालेच नाही. डब्लिनमध्ये बांधलेले आणि दक्षिणेत राबलेले हे इंजिन आज बेलफास्टजवळ जपले जात आहे, यातच या दालनाचे मर्म आहे.

‘मेव्ह’समोरून हलल्यावर रुळांच्या रुंदीकडे लक्ष द्यावे. आयर्लंडचे प्रमाण माप पाच फूट तीन इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ते ७६ मिलिमीटरने अरुंद आहे. सुरुवातीला तिथे प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा होता : किंग्सटाउनचा मार्ग चार फूट साडेआठ इंचांचा, द्रोहेडाचा पाच फूट दोन इंचांचा, तर अल्स्टर रेल्वेचा सहा फूट दोन इंचांचा. शेवटी १८४६ च्या कायद्याने पाच फूट तीन इंचांवर शिक्कामोर्तब झाले. शेजारीच डोनेगलच्या तीन फुटी रुळांवरचे ‘ब्लँश’ हे १९१२ सालचे इंजिन पाहिले की मापातल्या फरकाचा वाहनाच्या अंगलटीवर काय परिणाम होतो, हे कोणत्याही तक्त्याविना समजते.

याच डोनेगल रेल्वेच्या रेलकार हा माझ्या अभ्यासाचा खास विषय असल्याने इथे थोडा अधिक रेंगाळतो. कोळशाचा खर्च परवडेना तेव्हा या गरीब कंपनीने, तिचे व्यवस्थापक हेन्री फोर्ब्स यांच्या पुढाकाराने, बससारख्या हलक्या मोटारगाड्या रुळांवर चालवल्या. त्यांची सुरुवात एका चिमुकल्या पेट्रोलगाडीने झाली, जी मुळात मार्गाच्या पाहणीसाठी घेतली होती. तीही इथे आहे. पण १० क्रमांकाची रेलकार अधिक बोलकी. ती १९३२ साली क्लॉहर व्हॅली रेल्वेसाठी विगनच्या वॉकर बंधूंनी बांधली आणि ती रेल्वे बंद पडल्यावर डोनेगलने विकत घेतली. पुढच्या इंजिनभागाची चाके वाफेच्या इंजिनाप्रमाणे बाहेरून दांड्यांनी जोडलेली आहेत, आत मात्र गार्डनर कंपनीचे डिझेल यंत्र. जुन्या आणि नव्या तंत्राचा सांधा इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे वाहन मी पाहिलेले नाही.

फिंटोनाची घोडागाडी कोणीही चुकवू नये. ओमाकडून येणारा लोहमार्ग १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, फिंटोना गावापर्यंत पोहोचला. पुढे एनिस्किलेनकडे जाताना तो गावाला बगल देऊन गेला आणि गाव सव्वा किलोमीटरच्या फाट्यावर उरले. त्या फाट्यावर ३० सप्टेंबर १९५७ पर्यंत घोडा ट्राम ओढत होता आणि प्रत्येक घोड्याचे नाव डिक असे. ३८१ क्रमांकाची ही ट्राम १८८३ सालची. पहिला आणि दुसरा वर्ग आत, तर तिसरा वर्ग उघड्या छतावर. पावसाच्या त्या मुलखात तिसऱ्या वर्गाचे तिकीट म्हणजे काय, ते त्या जिन्याकडे पाहताच समजते. एका विक्रेत्याकडून मी पूर्वी या ट्रामचे छायाचित्र घेतले होते आणि त्यामागे ‘१९५८, नित्य फेरी’ असे लिहिले होते. ती तारीख अशक्य आहे हे मला बऱ्याच उशिरा उमगले. तेव्हापासून छायाचित्रामागची नोंद मी मार्गाच्या बंद होण्याच्या तारखेशी ताडल्याखेरीज वहीत उतरवत नाही.

१९२४ सालचे ‘डनलूस कॅसल’ हे इंजिन आणि डंडॉकला १८९५ साली बांधलेले ९३ क्रमांकाचे टाकीचे इंजिन यांच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ती प्रत्यक्षच पाहावीत.

या दालनाची ताकद वाफेच्या आणि नॅरोगेजच्या युगात आहे. सीआयईने १९५५ पासून आणलेली मेट्रोविक कंपनीची चौऱ्याण्णव डिझेल इंजिने, त्यांच्यातली सतत कटकट करणारी क्रॉसली कंपनीची यंत्रे आणि नंतर त्यांच्या जागी बसवलेली जनरल मोटर्सची यंत्रे हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी १९८९ पासून डिझेल इंजिने जपणाऱ्या आयरिश ट्रॅक्शन ग्रुपच्या कामाकडे वळावे. कागदपत्रांसाठी १९४६ साली स्थापन झालेल्या आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीला पर्याय नाही. आणि ज्यांना उभ्या इंजिनापेक्षा उघडलेले इंजिन पाहायचे आहे, त्यांनी दुसरा दिवस व्हाइटहेडसाठी राखावा. तिथे १९६४ पासून कार्यरत असलेली रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी ऑफ आयर्लंड इंजिनांची दुरुस्ती करून ती मुख्य मार्गावर चालवत आली आहे. ग्रेट नॉर्दर्नचे १९३२ सालचे निळे ‘मर्लिन’ मालकीने कल्ट्राच्या संग्रहालयाचे, पण ते मुख्य मार्गावर पुन्हा धावले ते या सोसायटीच्या हातून. कल्ट्राला जाताना वही आणि मोजपट्टी सोबत असू द्यावी, आणि निदान चार तास तरी हाताशी ठेवावेत. मला तेही अपुरे पडले.