वॅगन-आर सीएनजी: रनिंग असेल तरच घ्या, आणि घेतलीत तर गॅसची गाडी म्हणून सांभाळा

वॅगन-आर सीएनजी घ्यायची म्हटली की आधी महिन्याचं रनिंग नीट काढा. त्याच ट्रिमच्या पेट्रोल गाडीपेक्षा सीएनजीला साधारण 90 ते 95 हजार जास्त पडतात. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि गॅस 90 रुपये किलो धरू. शहराच्या ट्रॅफिकमध्ये 1 लिटरचं इंजिन पेट्रोलवर लिटरला 16 किलोमीटरच्या आसपास देतं, गॅसवर किलोला 24. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये, गॅसवर पावणेचार. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचले, तर वरचे पैसे फिटायला 33-34 हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार पळत असेल तर पावणेतीन वर्षांत वसूल. पाचशेच पळत असेल तर साडेपाच वर्षं जातात, आणि तोवर अर्धी डिकी अडलेली राहते ती वेगळीच. अशांनी सरळ पेट्रोल घ्यावी.

कंपनीचा आकडा 34.05 किमी प्रति किलोचा आहे. हायवेला 80च्या आत धरून चालवली तर 28-30 दिसतात. सिग्नल, एसी आणि चार माणसं असली की 22 ते 26. हिशोब याच आकड्यावर करा.

गॅसची टाकी 60 लिटरची आहे, पण ते पाण्याचं माप, म्हणजे तिच्यात पाणी किती मावेल ते. 200 बार प्रेशरला भरली तरी प्रत्यक्षात साडेसात ते साडेआठ किलोच बसतो. संध्याकाळी पंपावर गर्दी असते तेव्हा प्रेशर पडतं आणि गॅस कमी भरतो. शिवाय भराभर भरताना सिलिंडर तापतो, गरम गॅस फुगतो, आणि पंपावर फुल दिसलेला काटा गाडी थंड झाल्यावर खाली येतो. गळती आहे असं समजून लोक वर्कशॉप गाठतात. तसं काही नसतं. पहाटे किंवा रात्री उशिरा भरलात तर रांग लहान आणि गॅस जास्त.

पंपावर आणखी एक गोष्ट हमखास होते. गॅस भरून झाला, चावी फिरवली आणि गाडी चालूच होत नाही. मागून हॉर्न सुरू, आणि मालक बॅटरी गेली म्हणून बॉनेट उघडतो. इंधनाच्या झाकणाजवळ एक छोटा स्विच असतो, झाकण उघडं असेपर्यंत तो इंजिन चालू होऊ देत नाही. भरताना गाडी बंदच राहावी म्हणून केलेली ही सोय आहे. खाली उतरा, झाकण टक आवाज येईपर्यंत दाबा, गाडी चालू होते. याच स्विचवर धूळ बसली की झाकण बंद असूनही तीच बोंब होते, म्हणून तिथे अधूनमधून कोरडं फडकं मारत जा.

चालवायला गाडी सोपी आहे. उंची 1675 मिमी, दार रुंद, सीट वर. गुडघे दुखणारी माणसं न वाकता बसतात आणि उठतात. या किमतीत हे सुख दुसरीकडे क्वचितच मिळतं. वळायला हलकी, पार्किंगला लहान. 100च्या पुढे मात्र उंच गाडी वाऱ्याने हलते आणि वळणावर झुकते. एक्स्प्रेस वेवर 80-90 हाच तिचा वेग समजा.

घाटात फरक जाणवतो. पेट्रोलवर ताकद 67 पीएस, गॅसवर 57च्या आसपास, आणि टॉर्क 89 वरून 82 न्यूटन-मीटरवर येतो. कारण साधं आहे: गॅस स्वतःच इंजिनच्या सिलिंडरमधली जागा खातो, हवा कमी जाते, जाळ कमी होतो. त्यात टाकी आणि किट मिळून 80-90 किलो वजन जास्त. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी किंवा कसारा चढताना तिसऱ्यात रेटू नका. चढ लागायच्या आधीच इंधन बदलायचा स्विच दाबून पेट्रोलवर घ्या, दुसरा टाका आणि इंजिन फिरू द्या. चढावर अडकल्यावर बदलाबदल करत बसलं की क्लच जळतो.

डिकीत टाकी आडवी आणि तिच्याजवळ स्टेपनी उभी. एक मध्यम बॅग आणि दोन-तीन पिशव्या बसतात, बाकी मागच्या सीटवर. रात्री पंक्चर झालं तर आधी सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं. टाटाने 2023मध्ये अल्ट्रोझ आणि पंचमध्ये 30-30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाला बसवून हा प्रश्न बराच सोडवला. ह्युंदाईनेही 2024मध्ये एक्स्टरमध्ये तसंच केलं. मारुतीने इथे इतकी वर्षं हात आखडता घेतला, हे खटकतं. गावी सामान घेऊन जाणारं कुटुंब असेल तर त्या गाड्या आधी बघा.

आता सांभाळायचं. सीएनजी गाडीच्या बहुतेक तक्रारी स्पार्कपाशी येऊन थांबतात. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर लगेच मिसिंग दाखवतो, म्हणजे इंजिन झटके देतं. दर 20 हजारांना प्लग काढून बघायला लावा. बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेल्याच नंबरचा घ्या. दुकानदार 'हाही चालतो' म्हणाला तरी नको. गाडी फक्त गॅसवर झटके देत असेल तर क्रम असा धरा: प्लग, मग प्लगला वीज देणारी इग्निशन कॉइल, मग गॅसचा फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी गॅसचं प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर. बरेच मेकॅनिक उलट्या टोकाने सुरू करतात आणि महागडा रेग्युलेटर उगाच बदलला जातो. दोन्ही इंधनांवर झटके असतील तर गॅस किटला हात लावू नका. कॉइल किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) तपासा.

एअर फिल्टर तुंबला की गॅसचं अ‍ॅव्हरेज आधी पडतं. धुळीच्या रस्त्यावर रोज असाल तर सर्व्हिसची वाट न बघता फिल्टर काढून झटका.

आणि पेट्रोल! टाकीत एक-दोन लिटर ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर पळवणारे पुष्कळ आहेत. गाडी सुरू पेट्रोलवर होते, मग गॅसवर जाते. तळाला आलेल्या पेट्रोलमध्ये टाकीतला इंधनाचा पंप नीट बुडत नाही, तापतो आणि जातो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, त्यामुळे जुनं पेट्रोल साचू देऊ नये. पाव टाकी कायम ठेवा आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही मोकळे राहतात.

गॅसचा वास आला तर काचा उघडा, इंजिन बंद करा, टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसांना लांब न्या. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, ते काम वर्कशॉपचं.

सुरक्षिततेत गाडी कमी पडते. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये 2023ला मोठ्यांसाठी पाचपैकी एक तारा आणि मुलांसाठी शून्य. 2025मध्ये सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना दिल्या, ते चांगलंच झालं. पण एअरबॅगने सांगाडा मजबूत होत नाही. मुलांना घेऊन हायवेला जास्त जायचं असेल तर हा मुद्दा अ‍ॅव्हरेजच्या वर ठेवा.

जुनी घेताना टाकीची हायड्रो टेस्ट बघा. ती दर तीन वर्षांनी लागते. सिलिंडर उतरवून, रिकामा करून, पाण्याच्या दाबावर तपासतात आणि तारीख ठोकतात. टेस्ट संपलेली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात, म्हणून तो खर्च आणि गाडीचा एक दिवस सौद्यातच धरा. आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असंच हवं, आणि विम्याच्या पॉलिसीतही सीएनजी लिहिलेलं हवं, नाहीतर क्लेमच्या वेळी अडवतात. बाहेरून किट बसवलेली गाडी कंपनी फिटेड म्हणून विकायला आणतात. आरसी आणि बिलावर व्हेरियंटचं नाव वाचलं की ते लगेच उघडं पडतं. गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असताना चालू करायला सांगा, गॅसवर जाऊ द्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये 30 वरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. तिथे अडखळली तर प्लग-कॉइलचे पैसे भावातून वजा करून घ्या.