४,९९९ रुपयांची तयार क्विझ वेबसाइट: १४ महिने वापरून

परांड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. पोलीस भरतीची जाहिरात आली की पोरं खाली येऊन जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स मागतात. संच ३० रुपयांचा. एक जण विकत घेतो, बाकीचे सहा त्याचे फोटो काढतात. भाचा म्हणाला, "मावशी, हेच ऑनलाइन टाक की, जाहिरातींचे पैसे येतील." आणि त्यानंच हे पॅकेज शोधून दिलं: तयार क्विझ वेबसाइट, सोबत ५,००० मराठी प्रश्न, डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची ऑनलाइन जागा) पहिलं वर्ष फुकट. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी पॅकेजं विकणारे बरेच आहेत आणि माल बहुतेकांचा सारखाच दिसतो.

आधी चांगलं सांगते. साइट दोन दिवसांत उभी राहिली. आत वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, आणि त्याला जोडलेलं क्विझचं प्लगिन. वेळ लावता येते, उत्तर दिलं की बरोबर पर्याय हिरवा होतो, शेवटी विषयवार गुण दिसतात. पोलीस भरतीची लेखी १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची. तसा पेपर लावायला मला पाच मिनिटं लागतात. या भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला पाव कापतात. दोन्हीसाठी एकच खूण करायची, बस. हा सांगाडा मला आवडला.

आता ते ५,००० प्रश्न. पहिल्याच आठवड्यात अभ्यासिकेतली एक मुलगी फोन घेऊन खाली आली. "ताई, यात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत." पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हापासून ३६. मग मी रात्री बसून चाळायला लागले. उस्मानाबाद तसंच, आमचाच जिल्हा, धाराशिव होऊनही तिथं पत्ता नाही. अभिजात भाषा किती, तर उत्तर ६. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसकट पाच भाषांना दर्जा मिळाला आणि आकडा ११ झाला. मराठी प्रश्नसंचात मराठीचाच हिशेब नाही! व्याकरणात तर कहर. 'विलोम शब्द ओळखा' असं विचारलंय, म्हणजे हिंदीतून उचलून तसंच ठेवलंय. कमळाचं 'कमल' झालंय. तीनशेएक प्रश्न कुठल्या तरी जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलमधून चिकटवलेले, ते स्क्रीनवर नुसती रांगोळी दिसतात. तक्रार केली तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "मॅडम, प्लगिन अपडेट करा." अपडेटनं पालघर जिल्हा होत नाही हो.

शेवटी ५,००० पैकी साडेचारशेच ठेवले.

जाहिरातींचं मात्र नीट ऐका, कारण पैसा इथंच येतो आणि इथंच जातो. साइटच्या तयार मांडणीनं, म्हणजे थीमनं, 'पुढचा प्रश्न' या बटणाच्या बरोबर खाली जाहिरातीची जागा ठेवली होती. आमच्याकडे दुपारी नेट रडतं. जाहिरात उशिरा उतरते, पान खाली सरकतं आणि पोराचा अंगठा बटणाऐवजी जाहिरातीवर पडतो. मला वाटलं, वा, क्लिक वाढले! पण ॲडसेन्सच्या, म्हणजे साइटवर जाहिराती देणाऱ्या गुगलच्या सेवेच्या, नियमात चुकून क्लिक होईल अशी मांडणी चालत नाही, आणि असे क्लिक अवैध ठरले की कमाईतून वजा होतात. एका महिन्यात खात्यावर ४१ डॉलर दिसत होते, हिशेब पक्का झाला तेव्हा २६. भाच्यानं जाहिरात उचलून निकालाच्या पानावर आणि स्पष्टीकरणाच्या मध्ये ठेवली. तेव्हापासून कपात नावापुरतीच.

पॅकेजवाल्यानं प्रत्येक प्रश्न वेगळ्या पानावर ठेवला होता, म्हणजे २५ प्रश्नांत २५ पानं, जाहिराती तितक्या जास्त. कागदावर हिशेब छान. प्रत्यक्षात सातव्या-आठव्या प्रश्नाला पोरं पळतात. पानावर पाच-पाच प्रश्न केले, तर शेवटपर्यंत जाणारे वाढले आणि कमाईही कमी झाली नाही.

पैसे हातात यायला धीर लागतो. १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन टपालानं येतो, आमचा पोस्टमन "हे गुगलचं काय काढलंय?" म्हणून विचारून गेला. बँकेत पैसे निघायला किमान १०० डॉलर जमावे लागतात. १४ महिन्यांत मला दोनदा मिळाले, मिळून १७ हजारांच्या आसपास. महिन्याला सारखं येत नाही. भरतीत आधी मैदानी असते, मग त्यातले एका जागेमागे दहा लेखीला घेतात. मैदानीचा निकाल लागला की साइटवर जत्रा, लेखी झाली की शुकशुकाट. मंदीच्या महिन्यात ६-७ डॉलरच येतात. लेखीच्या आधी ४९ रुपयांची सराव मालिका काढली, ती ६१ जणांनी घेतली. दोन आठवड्यांत २,९८९ रुपये, तेही मधला कुणी नसताना. जाहिरातींनी असा आठवडा मला कधी दाखवला नाही.

एक गोष्ट घेण्याआधी विचाराच: डोमेन कुणाच्या नावावर? माझं 'फुकट' डोमेन विकणाऱ्याच्या खात्यात निघालं. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचे ३,६०० मागितले, आणि दुसरीकडे हलवायचं म्हटलं की फोन बंद. दीड महिना भांडून सुटका झाली. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशानं घ्या.

पाचपैकी दोन तारे, तेही सांगाड्याचे. प्रश्न फुकट दिले तरी नकोत.

सध्या साइटवर १,१४० प्रश्न आहेत, मी आणि वरच्या पोरांनी तपासलेले. चूक दाखवली की पाच पानं झेरॉक्स फुकट. आतापर्यंत १८५ पानं गेली.